बेटेलफेन मी यादीतून काढलं

इंटरनेटवर फॉर्म भरताना 'जन्मगाव' या चौकटीत तुम्ही दोन-तीन अक्षरं टाकता आणि खाली नावांची यादी उघडते. त्यातलं आपलं गाव निवडून तुम्ही पुढे जाता. ती यादी कोणीतरी बनवलेली असते हे तुमच्या मनातही येत नाही. येऊ नयेच. आमचं काम नीट झालं असेल तर आम्ही दिसत नाही. गेली आठ वर्षं मी ही यादी बनवते. बेसिंगस्टोकच्या एका बिझनेस पार्कात दुसऱ्या मजल्यावर, कार पार्ककडे तोंड करून माझी जागा आहे आणि माझ्या वाट्याला जर्मनी आलेला आहे.

नागपूरला कॉलेजात मी जर्मन घेतलं तेव्हा बाबा म्हणाले होते, "हे काऊन शिकून राहिली बाप्पा?" तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आहे, पण ते सांगायला हा सगळा लेख लागणार आहे.

कामाचं स्वरूप सोपं आहे. प्रत्येक गावाची एक ओळ असते. गावाचं नाव, त्याचा क्रमांक, ते कोणत्या तालुका-जिल्ह्यात मोडतं, आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत तसं मोडत होतं. जमीन जागेवरून हलत नाही, पण कागदावर ती सारखी हिंडत असते. दोन गावं एक होतात, एकाची दोन होतात, जिल्ह्याचं ठाणं उचलून दुसऱ्या शहरात नेलं जातं. विमा कंपन्या, बँका, कुरियरवाले, पूर्वजांचा शोध घेणारे हौशी लोक, सगळे आमची यादी विकत घेतात आणि चूक सापडली की आमच्यावर ओरडतात. एका अमेरिकन गृहस्थांनी मला सलग अकरा ईमेल पाठवले होते. त्यांचे पणजोबा एका राज्यात जन्मले, ते राज्यच आता उरलेलं नाही, आणि तरीही यादीत ते दिसलं पाहिजे. मी म्हटलं, राज्य बुडालं. ते म्हणाले, माझ्या पणजोबांना कोणी कळवलं नव्हतं. इंग्लंडातही वेगळं नाही. मिडलसेक्स ही काउंटी कारभारातून जाऊन कित्येक वर्षं झाली, पण माझ्या शेजारच्या बाईंचे भाऊ अजून पाकिटावर मिडलसेक्स लिहितात आणि पत्र पोचतं.

असे लोक मला तेव्हा विनोदी वाटत. नावाला एवढं काय चिकटून बसायचं? हे वाटणाऱ्या मुलीच्या घरी नावावरून काय झालं होतं ते सांगायला हवं.

भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी आमच्या वस्तीच्या नावातच आमची जात होती. पोस्टमन पत्त्यातली ती ओळ मोठ्याने वाचत असे, बाकीचा पत्ता हळू. बाबांचं तालुक्याच्या ठिकाणी छोटं छापखान्याचं दुकान होतं. लग्नपत्रिका छापून जे उरेल त्यात ते पत्रकं छापायचे. गुलाबी, पिवळ्या, पोपटी कागदावर. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर, घडी घालता घालता. 'बंधूंनो आणि भगिनींनो, हे नाव आपण ठेवलेलं नाही', असं एका पत्रकाचं पहिलं वाक्य होतं. अकरा वर्षं अर्ज, निवेदनं आणि मोर्चे झाले, मग वस्तीचं नाव बदललं. नवी पाटी लागली त्या दिवशी लोकांनी पेढे वाटले, बाबांनी आणखी एक पत्रक वाटलं. मी त्या घरातली आहे. वाईट नाव पुसणं हे पुण्याचं काम, एवढंच मला ठाऊक होतं.

आता जर्मनीतला तो जिल्हा. त्याचं नाव देत नाही, आणि गावांची नावंही बदलून लिहिते, कारण माणसं जिवंत आहेत. उत्तरेकडचा सपाट मुलूख. इथे उंची म्हणजे दोन मजली घराएवढी वाळूची सोंड, आणि त्या सोंडेवर जुनी गावं वसलेली, चर्च, ओक आणि लाल विटांच्या मोठ्या घरांसकट. सोंडेच्या खाली मैलोन् मैल दलदल. काळी, ओली, पाय टाकला की आत ओढणारी. त्या वेळच्या राज्याच्या अधिकाऱ्यांनी ठरवलं की भूमिहीनांना या दलदलीचे पट्टे द्यायचे. सरळ रेषेत कालवा खणायचा, त्याच्या दोन्ही काठांना घरं, प्रत्येक घरामागे एक लांबट पट्टा. लोकांनी दलदल कापून, वाळवून जळण म्हणून विकायची आणि खाली जमीन लागेल तेव्हा शेती करायची. तीन पिढ्या खपल्या तेव्हा कुठे जमीन लागली. वरच्या गावाचं नाव होल्टकिर्शन. खालच्या वस्तीला वरच्या लोकांनी नाव दिलं बेटेलफेन. म्हणजे भिकाऱ्यांची दलदल.

राज्य गेलं, प्रशियाचा अंमल आला, तोही गेला, महायुद्धानंतर नवी घडी बसली. या सगळ्यात बेटेलफेनला एक गोष्ट मिळाली. त्याची स्वतःची ग्रामपंचायत झाली. मग सत्तरच्या दशकात पश्चिम जर्मनीत लहान गावं आणि लहान जिल्हे एकत्र करायची मोठी मोहीम निघाली, कारभार सोपा व्हावा म्हणून. बेटेलफेन होल्टकिर्शनमध्ये विलीन झालं. जिल्हा शेजारच्या जिल्ह्यात गेला, ठाणं बदललं, गाड्यांच्या नंबरपाटीवरची अक्षरं बदलली. अलीकडे जुनी अक्षरं पुन्हा घ्यायची मुभा मिळाली तेव्हा तिथे लोकांनी ती आनंदाने लावून घेतली. हे वाचून मी हसले होते.

आमच्या नियमावलीत एक कलम आहे. विलीन झालेल्या गावाला स्वतंत्र पोस्टकोड नसेल तर त्याची ओळ ठेवायची की मोठ्या गावात मिसळायची, हे काम करणाऱ्याने आपल्या विवेकाने ठरवावं. साधारणपणे आम्ही ठेवतो. ओळीला भाडं पडत नाही. पण बेटेलफेन समोर आलं, मी त्याचा अर्थ लावला आणि माझ्या डोळ्यांसमोर आमच्या वस्तीची जुनी पाटी आली. मी ओळ मिसळून टाकली. शेऱ्यात लिहिलं, 'अपमानकारक जुने नाव. मूळ गावात विलीन.' यादीच्या नव्या आवृत्त्या बाहेर काढायचं, म्हणजे रिलीजचं काम बघणारा मकरंद, पुण्याचा, माझा इथला एकमेव मित्र म्हणावा असा, त्याने न वाचता मंजुरी दिली. त्या दिवशी मी घरी जाताना खूश होते. बिझनेस पार्कापासून माझ्या फ्लॅटपर्यंत पाच राउंडअबाउटचे गोल चौक लागतात आणि वाटेत ओळखीचं कोणी भेटत नाही. पण त्या दिवशी मला एकटं वाटलं नाही. कुठल्यातरी परक्या वस्तीच्या कपाळावरचा डाग मी पुसला होता.

त्या वस्तीला मी विचारलं नव्हतं.

दोन वर्षांनी, एका फेब्रुवारीत, आमच्या एका गिऱ्हाईक कंपनीकडून तक्रार आली. ही कंपनी लोकांना सरकारी कागदपत्रांचे अर्ज भरून देते. तक्रार एका ओळीची होती. अर्जदाराचं जन्मगाव यादीत नाही. मी ठरीव उत्तर पाठवलं की ते गाव अमुक गावात विलीन झालं आहे, कृपया ते निवडावं. आठवड्याने ऑफिसच्या पत्त्यावर टपालाने पाकीट आलं. आमच्याकडे टपाल येतच नाही, त्यामुळे रिसेप्शनवरच्या मुलीने ते जवळजवळ हवेत धरून आणून दिलं.

'महाशय,' असं आत हाताने लिहिलेलं होतं, 'तुमच्या संगणकाच्या मते माझा जन्म झालेला नाही. माझा जन्म झाल्याचं मला चांगलं आठवत नसलं तरी माझ्या आईला आठवत होतं. सोबत पुरावा जोडते.' सोबत जन्मदाखल्याची छायाप्रत, आणि एक पेन्सिलीने काढलेला नकाशा. सरळ कालवा, दोन्ही काठांना घरं, प्रत्येक घरावर आडनाव. शाळा. आगीचा पंप. आणि एका घरावर फुली. खाली कार्डिफचा फोन नंबर.

गिऱ्हाईकाच्या गिऱ्हाइकाला आम्ही फोन करायचा नसतो. मी केला, दुपारच्या सुट्टीत, कार पार्कात उभं राहून.

"तूच का ती, जिने माझं गाव पुसलं?" पलीकडून खणखणीत आवाज आला.

"हो."

"आवाज लहान आहे. असलं काम करायला निदान पन्नास वर्षांची बाई लागत असेल असं मला वाटलं होतं."

"मी एकतीसची आहे."

"म्हणजे माझं कार्पेट तुझ्यापेक्षा मोठं आहे. बोल, का पुसलंस?"

त्यांचं नाव हिल्डा. वय ऐंशीच्या पुढे. तरुणपणी नर्सचं शिक्षण घ्यायला कार्डिफला आल्या, एका वेल्श बसचालकाशी लग्न केलं आणि तिथल्याच झाल्या. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं. मी खरं ते सांगितलं. नावाचा अर्थ वाईट होता म्हणून काढलं.

"अर्थ आम्हाला माहीत होता," त्या म्हणाल्या. "आम्ही जर्मन होतो."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या लहानपणी जिल्ह्याचे दोन अधिकारी गाडीतून आले, बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून फळ्या टाकून घेतल्या, आणि शाळेच्या खोलीत सभा भरवली. म्हणाले, हे नाव लाजिरवाणं आहे, आपण रोझेनफेन ठेवू. गुलाबांची दलदल. "गुलाब!" हिल्डा म्हणाल्या. "तिथे बटाटा धड येत नव्हता." त्यांचे वडील तेव्हा सरपंच होते. ते उठून म्हणाले, हे नाव तुम्ही ठेवलंत तेव्हा लाज तुम्हाला वाटायला हवी होती. आम्ही या नावाने दलदल उपसली, शाळा बांधली, पंप घेतला. आता तुमच्या सोयीसाठी गुलाब कशाला लावू? हात वर झाले. नाव राहिलं.

मी कार पार्कात उभी राहून हे ऐकत होते. आमच्या वस्तीने नाव झुगारलं, त्यांच्या वस्तीने तेच नाव छातीवर लावलं. दोन्ही ठिकाणी ठरवलं ते तिथे राहणाऱ्यांनी. आणि मधे मी, सातशे किलोमीटर नि सत्तर वर्षं दूर बसून, अधिकाऱ्यांच्या गाडीत बसले होते.

"मी ते परत घालते," मी म्हटलं.

"लवकर घाल," त्या म्हणाल्या. "मला घाई आहे."

घाई होती इर्माची. इर्मा त्यांची मोठी बहीण, त्याच जिल्ह्यातल्या वृद्धाश्रमात. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता महिन्यांचा हिशोब धरू नका. हिल्डांचा जर्मन पासपोर्ट नवऱ्याच्या आजारपणात संपून गेला होता, ब्रिटिश त्यांनी कधी घेतलाच नव्हता. नवा पासपोर्ट हवा होता, त्याचा अर्ज ती कंपनी भरत होती, आणि अर्ज जन्मगावाच्या चौकटीत अडून बसला होता.

त्यानंतर आम्ही दर रविवारी अकरा वाजता बोलू लागलो. कारण कामाचं, पण बोलणं कामाचं नसे. माझ्या इथल्या रविवारांची गोष्ट अशी की शुक्रवारी संध्याकाळी मकरंदला 'बाय' म्हटलं की सोमवारी 'मॉर्निंग' म्हणेपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघाला तर दुकानातल्या पैसे घेणाऱ्या मशीनपाशी. महिन्यातून एकदा लंडनला आपल्या मंडळींची बुद्धवंदना असते, तेवढा अपवाद. हिल्डांना तेवढाही नव्हता. त्या मला इर्माच्या गोष्टी सांगत. इर्मा त्यांना पाठीवर घेऊन कालव्याच्या काठाने शाळेत न्यायची. रविवारी चर्चला वर होल्टकिर्शनला जावं लागे. बेटेलफेनच्या लोकांना शेवटच्या बाकांवर, दाराजवळ बसवत, कारण त्यांच्या कोटांना दलदलीचा वास येई. इर्मा एकदा पुढच्या बाकावर जाऊन बसली होती. तिला कानाला धरून मागे आणलं. हे ऐकताना माझा तोल जाई. मी बाबांना फोन करून सगळं सांगायचे. बाबा म्हणत, "जगात कुठंही जाय, बेटा, दाराजवळचं बाकडं असतेच."

मार्चच्या सुरुवातीला मी रीडिंगला ट्रेन बदलून कार्डिफला गेले. रांगेतलं छोटं घर, स्वयंपाकघरात एकच खुर्ची वापरातली, दुसरीवर वर्तमानपत्रांचा ढीग. तो उचलून त्यांनी मला जागा केली. टेबलावर लॅपटॉप उघडा होता.

"त्या कंपनीच्या मुलीचा फोन होता," त्या म्हणाल्या. "म्हणते, होल्टकिर्शन निवडा, खाली शेऱ्यात खरं गाव लिहा, दाखला जोडा. तिकडचे लोक समजून घेतील. आज पाठवलं तर दोन-तीन आठवड्यांत होईल म्हणते."



"पन्नास वर्षांत मी होल्टकिर्शन हा शब्द माझ्या नावापुढे लिहिला नाही," त्या म्हणाल्या. "विलीन झालं तेव्हा वडिलांनी गावाचा शिक्का स्वतः नेऊन दिला, आणि परत आल्यावर आठवडाभर जेवले नाहीत नीट. पण आता..." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तू सांग. लिहू का?"

इथे मी थांबायला हवं होतं. त्यांनी मला गावाबद्दल विचारलं नव्हतं. त्या मला इर्माबद्दल विचारत होत्या. ज्याला माझ्यासारखं गुलाबी-पिवळ्या कागदांवर वाढवलेलं नाही, अशा कुणालाही ते कळलं असतं. मला ऐकू आला फक्त चर्चमधला तो शेवटचा बाक.

"नका लिहू," मी म्हटलं. "एकदा लिहिलंत की कायमचं झालं. तुमच्या वडिलांनी हात वर करून घेतले ते कशासाठी? चूक माझी आहे, तुमची नाही. मग वाकायचं तुम्ही का? मी नाव परत घालते. पंधरा दिवस द्या."

बराच वेळ बोलले मी. चांगलं बोलले असणार, कारण हिल्डांनी लॅपटॉप मिटला.

"तू सरपंच व्हायला हवी होतीस," त्या म्हणाल्या आणि मला बटाट्याचं सॅलड वाढलं. परतीच्या ट्रेनमध्ये मला फार दिवसांनी वाटलं की माझं या देशात काहीतरी काम आहे.

नाव परत घालायची विनंती मी फेब्रुवारीतच भरली होती, ती रांगेत पडून होती. सोमवारी मी मकरंदच्या डेस्कपाशी उभी.

"आल्या का मोर्चा घेऊन?" तो म्हणाला. "अगं, क्वार्टरली रिलीज फ्रीझ झालाय. आता मधेच ओळ घालायची म्हणजे मिड-सायकल पॅच, त्याला मला तीन अप्रूव्हल्स लागणार."

"एका ओळीसाठी?"

"काढायला लागत नाहीत, घालायला लागतात. ही सिस्टिम काय मी नाही बनवली. आणि सोर्स कुठाय? आजींचा पेन्सिलचा नकाशा अटॅच करू?"

"त्यांचा जन्मदाखला आहे."

"पर्सनल डॉक्युमेंट चालत नाही, तुला माहितीये. जिल्ह्याच्या अर्काइव्हमधून काढ. गाव स्वतंत्र होतं, कधीपर्यंत होतं, काहीतरी ऑफिशियल." मग त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. "प्रज्ञा, खरं सांगू? तिला म्हण, पॅरेंट गाव, होल्टकिर्शन, सिलेक्ट कर आणि जा बहिणीकडे. आपण नंतर करू की फिक्स."

"तुला नाही कळणार ते."

त्याचा चेहरा उतरला. "हो. मला कशाला कळेल," तो म्हणाला आणि स्क्रीनकडे वळला. तरी ते तीन अप्रूव्हल्स त्यानेच मागे लागून मिळवले, हे इथे लिहून ठेवते.

अर्काइव्हच्या बाईंचं उत्तर यायला बारा दिवस लागले. जिल्हाच दुसऱ्या जिल्ह्यात गेल्यामुळे बेटेलफेनची दप्तरं तीन ठिकाणी विखुरलेली होती. जुन्या ठाण्यात नव्हती, नव्या ठाण्यात अर्धी, बाकीची राज्याच्या संग्रहात. त्यांनी शेवटी सभेच्या इतिवृत्ताची स्कॅन केलेली पानं पाठवली. शाळेची खोली, हात वर करणाऱ्यांची नावं, खाली हिल्डांच्या वडिलांची सही. मी ती पानं हिल्डांना फोनवर वाचून दाखवली. त्या मधे मधे नावं पुरी करत होत्या, मी अडखळायच्या आधीच.

"इर्मा कशी आहे?" मी विचारलं.

"झोपते बराच वेळ," त्या म्हणाल्या. "ती पानं मला पाठव. तिला नेऊन दाखवते."

पंधरा दिवस म्हटलं होतं मी. पॅच गेला तेव्हा साडेचार आठवडे झाले होते. सकाळी अकराच्या सुमारास यादी बदलली. मी तपासायला म्हणून चौकटीत तीन अक्षरं टाकली आणि बेटेलफेन खाली आलं, आपल्या क्रमांकासकट, पासून-पर्यंतच्या तारखांसकट. मी मोठ्याने हसले. मकरंद उठून आला आणि त्याने टाळी दिली. हिल्डांनी त्याच दुपारी अर्ज पाठवला.

इर्मा त्यानंतर नवव्या दिवशी गेली. पासपोर्ट त्यानंतर आठवड्याने आला.

कार्डिफला बसून मी ते साडेचार आठवडे हिल्डांच्या हातातून काढून घेतले नसते तर त्या मार्च संपायच्या आत इर्मापाशी असत्या. ही बेरीज मी कितीही वेळा केली तरी तीच येते.

हिल्डा तिकडे जाऊन आल्या, पासपोर्ट आला म्हणून. परतल्यावर त्यांनी रविवारी अकराला फोन केला. मी आधीच काहीतरी बोलायला लागले, क्षमा वगैरे, पाठ केलेलं. त्यांनी थांबवलं.

"तिथल्या नर्सने मला एक सांगितलं," त्या म्हणाल्या. "शेवटच्या आठवड्यात इर्मा शुद्धीवर असली की विचारायची, हिल्डा कुठे अडकली? नर्सने सांगितलं, कागदपत्रांत अडकल्यात, गावाचं नाव यादीत नव्हतं म्हणून उशीर झाला." हिल्डांचा आवाज तसाच खणखणीत होता, त्यामुळे ऐकणं अवघड जात होतं. "इर्मा म्हणाली, 'अगं, तिला म्हणावं होल्टकिर्शन लिही, नरक लिही, काहीही लिही. पण ये.'"



"तुला दोष देत नाही मी," त्या म्हणाल्या. "मी म्हातारी आहे, मूर्ख नाही. लॅपटॉप माझ्या हाताने मिटला. मला तुझं बोलणं आवडलं होतं. माझ्या वडिलांसारखं बोलतेस तू. इर्मा त्यांच्यावरही चिडायची." मग म्हणाल्या, "पण आता रविवारी फोन करू नकोस."

"किती दिवस?"

"करू नकोस एवढंच."

बाबांना मी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं ते म्हणतील, लढाईत असं होतं. मागे छापखान्याचं मशीन चालू होतं, ते त्यांनी बंद केल्याचं मला ऐकू आलं.

"पत्रक वाटून आपण घरी येतो, बेटा," ते म्हणाले. "आपल्या घरी. ज्याच्या हातात ठेवलं त्याले त्याच्या घरी जावं लागते." मग विचारलं, "जेवली का तू?"

या विशेषांकाच्या संपादकांना तरुणांनी नोकरीतले अनुभव लिहावेत असं वाटतं, परदेशात आपण कशी मान ताठ ठेवली वगैरे. माझी मान ताठच होती. ती ताठ ठेवायची किंमत दुसऱ्याच बाईने दिली. मी अजूनही मानते की गावाचं नाव गावाने ठरवावं, त्यात मी एक शब्दही मागे घेत नाही. नियमावलीतलं ते विवेकाचं कलम मी भांडून बदलून घेतलं. आता कोणतंही नाव काढण्याआधी तिथल्या कोणाला तरी विचारावं लागतं. त्यासाठी, इर्मा गेल्यापासून मी टाळत होते त्या मकरंदशी पुन्हा बोलायला सुरुवात करावी लागली, तीही केली. पण कोणी समोर बसून 'लिहू का?' असं विचारलं, तर आता मला उत्तर देता येत नाही. मी म्हणते, मला विचारू नका. तेही उत्तर नाहीच.

रविवारी अकराला मी कपडे धुवायला टाकते. मशीन जुनं आहे, फार आवाज करतं, तेवढा वेळ फ्लॅट भरल्यासारखा वाटतो.

आमच्या यंत्रणेत कोणतं नाव किती वेळा निवडलं गेलं त्याची नोंद राहते. बिनकामाची नोंद आहे, कोणी बघत नाही. होल्टकिर्शन अधूनमधून कोणीतरी निवडतं. बेटेलफेन आजवर एकदाच निवडलं गेलंय, त्या दुपारी, कार्डिफहून.